जिन्यावर कुणी चढायचं नाही

दिवेलागणीनंतर आमच्या नल्लकुंट्याच्या घरात एक नियम असे, आणि तो मी घातलेला होता. मी गच्चीवर गेलो की जिन्यावर कुणी चढायचं नाही. झोपाळा बांधून ठेवायचा, उखळात काही कुटायचं नाही, दार आपटायचं नाही. मी उतरेपर्यंत सगळ्यांनी खाली स्वयंपाकघरात बसून राहायचं. सगळे म्हणजे आई, माघात लग्न ठरलेली माझी धाकटी बहीण, आणि तयारीसाठी येऊन राहिलेले काका. माझी पत्नी बाळंतपणाला माहेरी गेली होती.

माझे वडील, नाना, यांना हा नियम सांगावा लागत नसे. पावसाळ्यात त्यांना फालिज झाला होता. अर्धांगवायूला आमच्या घरात फालिजच म्हणत. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मेजाशी एका खटल्याची मिसल वाचत असतानाच त्यांची उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून ते त्याच खोलीत पलंगावर होते. जिना लाकडी, अरुंद आणि मध्येच वळणारा. त्यांना खाली आणायचं आम्ही एकदा बोललो होतो. ते म्हणाले, खाली अशील येतात, त्यांना मी असा दिसायला नको.

मी जामबागच्या एका शाळेत शास्त्र शिकवत असे आणि संध्याकाळी आकाशाचे फोटो काढत असे. त्या हिवाळ्यात मी मृगाच्या मागे होतो. मृग नक्षत्राचं डोकं म्हणजे तीन बारीक ताऱ्यांचा झुपका. त्याच्याभोवती एक मोठा, तांबडा, वर्तुळासारखा तेजोमेघ आहे असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. तो डोळ्याला दिसत नाही, दुर्बिणीतूनही दिसत नाही. त्याचे फोटोही फार थोड्यांनी काढलेले. तांबडा प्रकाश पकडणारी खास काचेची प्लेट लागते आणि तीही तासन्‌तास उघडी ठेवावी लागते. लढाई चालू होती, विलायतेचा माल बंद झाला होता. मद्रासच्या एका दुकानदाराकडून मला तशी एकच प्लेट मिळाली होती.

एका संध्याकाळच्या प्रकाशात काही उमटलं नसतं. म्हणून तीच प्लेट संध्याकाळमागून संध्याकाळ, चंद्र नसलेल्या दिवसांत, मृगाकडे उघडायची आणि काम झालं की तिचं झाकण सरकवून बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. जुमेरात बाजारात एका बुडालेल्या स्टुडिओचा लाकडी कॅमेरा मिळाला होता. माणसांचे चेहरे काढायचं त्याचं पितळी भिंग मोठं होतं, आकाशाला उत्तम. तो कॅमेरा मी माझ्या छोट्या दुर्बिणीच्या पाठीवर बांधला होता. दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे फुलीसारखे लावलेले. प्लेट उघडी असेपर्यंत एक डोळा दुर्बिणीला आणि एक हात पेचावर. आकाश सरकतं, तसतसा पेच फिरवत झुपक्यातला मोठा तारा फुलीवर धरून ठेवायचा. तो सुटला तर प्लेटवरचा प्रत्येक तारा लांबट होणार आणि मेघ पुसला जाणार.

आणि तो घरामुळे सुटत असे. खालच्या मजल्याला शहाबादी फरशी होती, तिथे कुणी कितीही चाललं तरी वर काही कळत नसे. पण वरच्या मजल्याची जमीन फळ्यांची, आणि तिच्या भिंतींवर सागवानी तुळया टाकून वर चुन्याची गच्ची. जिन्यावर किंवा नानांच्या खोलीत पाऊल पडलं की दुर्बिणीतला तारा थरथरे. इतका, की पाऊल कुणाचं तेही मला ताऱ्यावरून कळू लागलं होतं. आईचं पाऊल म्हणजे सारखी बारीक थरथर. बहिणीचं म्हणजे उड्या. काकांचं म्हणजे तारा सरळ फुलीबाहेर.

"दादाचा तारा भारी नाजूक," बहीण म्हणायची. "नवरी मी आहे का तो?"

कुणी नियम मोडला तर मी वरून टाच दोनदा आपटत असे. तेवढ्यानं सगळं घर गप्प होई. आज मला त्या टाचेची लाज वाटते. तेव्हा सोय वाटत होती.

खरं सांगायचं तर गच्ची मला आणखी एका कारणानं हवी होती. तारनाक्याच्या पुढच्या खडकांवर अंधार जास्त होता, पूर्वी मी सायकलवर सगळं लादून तिकडे जात असे. नाना पडल्यावर घर सोडता येईना, म्हणून गच्ची. पण गच्चीवर जाताना नानांच्या दारावरून जावं लागे, आणि तिथे बसण्यापेक्षा वर जाणं सोपं होतं. त्यांची जीभ जड झाली होती. ज्या माणसाच्या एका जबाबासाठी कचेरीत लोक उठून उभे राहत, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघणं मला जमत नसे.

"आज काय?" ते विचारत.

"मृगच."

"अजून?"

"एकाच प्लेटवर पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, नाना."

"घे," ते म्हणत, आणि मी सुटल्यासारखा वर जाई.

लग्नाचा प्रश्न त्या खोलीत एका रविवारी निघाला. कन्यादान कोण करणार. काका म्हणाले, "नाना, काळजी नको. खुर्ची आणतो. चौघं धरतील, वळणावर जरा तिरपी करतील, की तुम्ही मांडवात."

नाना बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "चौघांनी धरून मला खाली न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी तक्रार करणार नाही."

"अहो, इथं वकिली कशाला?"

"मग तू कर कन्यादान," नाना म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बहीण दाराबाहेर जिन्यावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. मी उतरलो तेव्हा ती कठड्याची धूळ पदरानं पुसत होती. "काकांनी केलं तरी लग्न लागतंच ना रे," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

पौषातला अंधारा पंधरवडा लागला. पहिल्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती, तारा फुलीवर खिळल्यासारखा राहिला. दुसऱ्या संध्याकाळी प्लेट उघडून थोडा वेळ झाला असेल, आणि तारा हलला. एकदा जोरात, मग एक लांब खरखर, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसंच. हे पाऊल माझ्या ओळखीचं नव्हतं. आईचं नव्हतं, काकांचंही नाही. मी पेच फिरवून तारा परत आणला की तो पुन्हा सुटे. एकुलती एक प्लेट, आणि खाली कुणीतरी खेळ मांडला होता.

मी टाच आपटली. दोनदा, नेहमीपेक्षा जोरात.

थरथर थांबली. थांबली ती पुन्हा झालीच नाही. पुढचा सगळा वेळ तारा इतका शांत होता की मी मनात खूश होतो. त्या खुशीची आठवण मला अजून सोडत नाही.

प्लेट झाकून खाली आलो. स्वयंपाकघरात तिघंही पाटावर बसली होती.

"जिन्यावर कोण आलं होतं?"

"कुणी नाही," आई म्हणाली.

"तारा उगाच हलतो?"

"मग मीच आले असेन," बहीण म्हणाली. "इथं बसून तीळ निवडत होते आणि पाय तेवढे वर पाठवले होते."

मी पुन्हा वर गेलो. नानांच्या खोलीत कंदील बारीक केलेला होता. ते पलंगाच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून. सदऱ्याची पाठ भिजलेली. आणि डावा तळहात पांढरा झाला होता, भिंतीच्या चुन्यानं. माझी नजर तिकडे गेलेली बघून त्यांनी तो हात घोंगडीखाली घेतला.

"झालं तुझं?"

"झालं."

"माझ्यामुळं काही... बिघडलं?"

"नाही, नाना."

त्यांनी मान हलवली. त्यांनी अजून काही विचारलं असतं तर मी कदाचित बोललो असतो.

रात्रभर मी सगळं जुळवत पडलो. ज्या वेळात वर कुणी यायचं नाही असा माझा हुकूम होता, त्याच वेळात ते आधी पलंगावरच पाय हलवत असावेत, आणि आता उठू लागले होते. दिवसभर कुणी ना कुणी खोलीत असे, औषध, पाणी, कपडे. पडताना, अडखळताना कुणी बघणार नाही असा वेळ त्यांना माझ्या ताऱ्यानं दिला होता. भिंत धरून ते चालायला शिकत होते. लग्नासाठी, हे उघड होतं. आणि मी टाच आपटली होती.

एवढं कळल्यावरही मी तिसऱ्या संध्याकाळी काय केलं ते लिहायलाच हवं. मी प्लेट लावली. मनाशी म्हटलं, त्यांचं पाऊल वाजलं की लगेच झाकू. पाऊल वाजलं नाही. तारा एकदाही हलला नाही. खाली एक म्हातारा माणूस माझा फोटो बिघडू नये म्हणून पलंगावर न हलता बसला आहे, हे मला पेचाच्या प्रत्येक फेऱ्याला ठाऊक होतं. तरी मी मृग पश्चिमेला कलेपर्यंत प्लेट उघडी ठेवली. इतकी चांगली संध्याकाळ पुन्हा मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी नानांचे हकीमसाहेब आले. पाय चेपून बघितला, भुवया वर गेल्या. "वकीलसाब, पाँव ठंडा पड गया. कल-परसों छोड दिया क्या?"

नानांनी घोंगडी पायावर ओढून घेतली.

"पाँव भूल जाता साब. रोज याद दिलाना पडता. हल्लू हल्लू, मगर रोज." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घर में कोई रोका क्या इनको?"

मी म्हणालो, "नाही." नाना माझ्याकडे बघत होते.

आता करायचं काय? नाना, तुम्ही चाला, असं तोंडावर म्हटलं असतं तर त्यांची चोरी उघडी पडली असती आणि ते पुन्हा उठलेच नसते. मी त्यांना ओळखतो. फोटो संपले म्हटलं असतं तर जिना मोकळा झाला असता, आई आणि काका येत-जात राहिले असते, आणि त्यांचा एकांत गेला असता. नियम राहायला हवा होता, पण पाऊल टाकलं तर काही बिघडत नाही हेही त्यांना कळायला हवं होतं.

संध्याकाळी मी सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे घेऊन जिना चढलो आणि नानांच्या दारासमोर थांबून खाली आईला ओरडून सांगितलं, "आई, दुर्बिणीच्या तिपाईखाली रबर घालतोय. आता वरच्या मजल्यावर कुणी नाचलं तरी तारा हलायचा नाही."

खालून आई म्हणाली, "बरं झालं बाई. मग मी नानांचं दूध आठ वाजता आणून देते."

"नको. जिन्यावर नाही यायचं."

"आत्ता तर म्हणालास."

"जिन्याचा हादरा वेगळा असतो."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" बहीण ओरडली. मी वर गेलो. नानांच्या खोलीतून खोकल्यासारखा आवाज आला.

वर जाऊन मी प्लेट काढली आणि पेटीत बंद केली. रबर घातलंच नाही. तारा हलायला हवा होता मला. मृगाच्या डोक्याकडे दुर्बीण लावली, तारा फुलीवर आणला आणि वाट बघत बसलो. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण होतं. त्या पंधरवड्यात मी कधीही बसलो नव्हतो इतका लक्ष देऊन त्या ताऱ्याकडे बघत होतो. तो स्थिर होता. बराच वेळ स्थिर होता. माझं रबर त्यांनी खरं मानलं नाही असं वाटलं.

मग तो थरथरला. एक झटका, आणि लांब खरखर.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी वर जाऊन फक्त वडिलांचं चालणं बघत असे, आकाशात. पलंगापासून मेज, मेजापासून खिडकी. झटका आणि खरखर यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. एक दिवस थरथर बदलली, लहान आणि टणक झाली. ते जिन्यावर होते. अंधारात, एका हातानं कठडा धरून, आणि वळणावर कठडा नव्हता.

त्याच संध्याकाळी तारा उसळला. फुलीतूनच नव्हे, दुर्बिणीच्या सगळ्या वर्तुळातून बाहेर गेला. खालून धप्प आवाज आला, माझ्या तळपायांना तो कळला. मी गच्चीच्या दाराशी पोचलो होतो, कडीला हात घातला होता. उघडून चार पायऱ्या उतरलो असतो तर ते दिसले असते, पडलेले. आणि मी त्यांना दिसलो असतो, बघणारा. स्वयंपाकघरात कुणी ऐकलं नसावं, तिथे स्टोव्ह चालू होता. कडी थंड होती. ते मरत असतील तर, असं मनात आलं. कडी सोडून मी दुर्बिणीकडे परत गेलो. हे बरोबर होतं की भित्रेपणा, मला अजून सांगता येत नाही. तारा परत वर्तुळात आणायला पेच उलटसुलट फिरवला. आणला. तो शांत होता. कणभर हलत नव्हता. मी एवढंच म्हणत होतो, हल. हल.

मग अगदी बारीक काहीतरी झालं. मग झटका. मग खरखर, वरच्या दिशेनं, खोलीकडे.

दुसऱ्या दिवशी नानांच्या कपाळावर टेंगूळ होतं. खिडकीचं दार लागलं, ते म्हणाले. आईनं हळद लावली. खिडकी त्यांच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच होती. आई ते बोलली नाही.

लग्नाचे पाहुणे सकाळच्या गाडीनं यायचे होते. घर भरलं की एकांत संपला. म्हणजे उरली एकच संध्याकाळ, आणि त्या दिवशी दुपारपासून ढग भरून आले. दिवेलागणीला एकही तारा दिसत नव्हता. मी शाल पांघरली आणि म्हणालो, "जिन्यावर कुणी चढायचं नाही."

काका हसले. "अरे, आभाळ बघितलंस का?"

"उघडेल."

"दादा, पाऊस पडेल," बहीण म्हणाली. "मृगाचं सोड, चंद्रसुद्धा दिसणार नाही."

आई परातीत कणीक मळत होती. तिनं मान वर न करता बहिणीला म्हटलं, "त्याचं त्याला कळतं. तू बस खाली. आणि तुम्हीही बसा हो, भावजी."

वर मला बघायला काही नव्हतं. मी दुर्बीण आडवी केली, गच्चीच्या कठड्यापर्यंत. पूर्वेला रेल्वेचा सिग्नल होता, त्याचा तांबडा दिवा दूर पण स्थिर. तो फुलीवर आणला. थोड्या वेळानं दिवा थरथरला. खोलीत. मग दारात. मग जिन्याची टणक थरथर, एक पायरी, थांबणं, दुसरी. वळणाशी दिवा बराच वेळ गप्प राहिला. माझा श्वास काचेवर जमत होता, मी तो पुसायलाही डोळा काढत नव्हतो. मग पुन्हा पायरी. पुन्हा. आणि मग काहीच नाही.

दिवा स्थिर झाला. एवढ्या वेळानं मला आठवलं की खाली फरशी आहे. फरशीवरचं पाऊल वर येत नाही. ते पोचले असतील तरी दिवा असाच राहणार, आणि शेवटच्या पायरीवर बसून पडले असतील तरीही असाच. मी त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत राहिलो. स्टोव्हचा आवाज बंद झाला. पाट सरकला.

मग अंगणातून आवाज आला, जड जिभेचा, सावकाश, पण कचेरीत पोचेल असा.

"अरे, ढगात कसले फोटो काढतोस? ये खाली. जेवायला बसू."

कन्यादान नानांनीच केलं. एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला काठी. पुढं काही वर्षांनी चौघांनी त्यांना त्या जिन्यावरून उतरवलं, वळणावर तिरपं करून, आणि ते म्हणाले होते तसं त्यांनी तक्रार केली नाही.

पण ती प्लेट मी लग्नानंतरच्याच उन्हाळ्यात धुतली, चित्र उमटवायची रसायनं बर्फाच्या पाण्यात कालवून, कारण आमच्या उन्हाळ्यात प्लेटवरचा थर विरघळतो. मृगाच्या डोक्याभोवती वर्तुळ आहे की मला ते असावंसं वाटतं म्हणून दिसतं, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. तारे स्पष्ट होते, प्लेटवर उजेड उमटतो तसे काळे. प्रत्येकाला एकाच बाजूला बारीक शेपूट होतं, टाच आपटण्याआधीचं. आणि शेपटाच्या टोकाशी ताऱ्याचा भाग घट्ट, काळा, गोल. तो गोलपणा बराचसा तिसऱ्या संध्याकाळचा होता. बघणाऱ्याला शेपूट खुपतं, मला तो गोल भाग बघवत नाही.

नाना तेव्हा खाली ओटीवर बसत. त्यांनी प्लेट मागितली, डाव्या हातात धरून उजेडाकडे केली.

"सगळ्या ताऱ्यांना शेपट्या कशा?"

मला सगळं सांगायचं होतं. टाच, रबर, ती शांत संध्याकाळ. मी म्हणालो, "वारा होता, नाना."

ते प्लेट फिरवून बघत राहिले, जबाब वाचत असावेत तसे.

"वारा," ते म्हणाले. "एका पायानं लंगडा होता म्हणायचा."

आणि प्लेट माझ्या हातात देऊन त्यांनी काठी उचलली.